दुसऱ्याचा हिशेब आपल्या हाती आला तर?

जानेवारी 2019 मध्ये अ‍ॅमेझॉन इंडियावर माल विकणाऱ्या काही दुकानदारांनी आपला मासिक कर-अहवाल उघडला, तर आत विक्री भलत्याच दुकानाची! कंपनीने तांत्रिक गडबड म्हणून दुरुस्त केली. पण आपला माल कुठे किती खपतो, हे स्पर्धकाने एकदा पाहिले की झाकणार कसे?

धुळ्याचा पॉवरलूमवाला असो की जळगावचा चटईवाला, आपल्याकडे पुष्कळ धंदे एकट्याच्या नावावर. त्याच्या जीएसटी नंबरात 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचाच पॅन. म्हणजे धंद्याची माहिती ही घरचीच माहिती. सोबत उधारी आणि बँक खातेही चुकीच्या मेलवर गेले, तर भामट्याला हुबेहूब तगादा लावता येतो.

2023 चा डेटा संरक्षण कायदा माणसाच्या माहितीसाठी आहे, लिमिटेड कंपनीच्या आकड्यांसाठी नाही. गळती ग्राहकाला न कळवल्यास दंड 200 कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांना 18 महिन्यांची मुदत मिळाली. तोवर आपणच लेखी विचारायचे: काय गेले, कोणाला गेले?

दुसऱ्याचा हिशेब आपल्याकडे आला तर ती अमानत समजा, फॉरवर्ड करू नका, कंपनीला कळवून पुसून टाका. आणि ‘खाते बदलले’ असा मेल आला, तर आधी पार्टीला जुन्या नंबरवर फोन लावा.