माझे पाच, माझ्याच क्रमाने

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून याद्या सुरू होतात. वर्षातले दहा उत्तम सिनेमे, वर्षातली दहा गाजलेली गाणी, वर्षातले दहा खेळाडू. या याद्या करतं तरी कोण? आपल्याला तर कुणी विचारलेलं नसतं! आपली आवड रोज विचारणारा माणूस एकच, भाजीवाला. "ताई, मेथी देऊ की पालक?" आणि तिथेही आपण मनातल्या मनात घरातल्या प्रत्येकाचं तोंड आठवूनच उत्तर देतो. खरं की नाही?

म्हणून मैत्रिणींनो, गेल्या वर्षी मी ठरवलं, आपली यादी आपणच करायची. गाण्यांची. सुटी गाणी नव्हेत हं, अख्खे अल्बम. नवे असोत की जुने, महिन्याला एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि वर्ष संपलं की क्रम लावायचा. समीक्षक काय म्हणतात, मुलं काय म्हणतात, ते बाजूला. क्रम माझा.

अख्खा अल्बमच का? कॅसेटच्या जमान्यात बर्डीवरून एखादी नवी कॅसेट आणली की पहिली बाजू, मग दुसरी बाजू, अशी ओळीने ऐकावीच लागायची. मधलं गाणं गाळायचं तर बटण दाबून अंदाजाने पुढे सरकवा, टेप गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळा. त्यापेक्षा ऐकलेलं बरं! त्यामुळे पहिल्यांदा न आवडलेलं गाणंही चौथ्या-पाचव्या वेळी मनात शिरायचं. आता मोबाइलमध्ये लाखो गाणी आहेत, पण अर्धं ऐकून बोट पुढच्यावर जातं. कोणतं गाणं आधी आणि कोणतं नंतर, याचा करणाऱ्याने विचार केलेला असतो. तो आपल्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरा नियम जास्त कठीण होता. ऐकताना हातात काम घ्यायचं नाही. पोळ्या लाटता लाटता किंवा लसूण सोलता सोलता आपण आयुष्यभर गाणी ऐकतोच. या वेळी नुसतं बसून ऐकायचं होतं. दुपारी तीनची वेळ धरली. पहिल्याच दिवशी मी रिकाम्या हाताने पलंगावर बसलेली बघून सासूबाई काळजीने दारात आल्या. "काहून गं, बरं नाही वाटून राहिलं का?" बाई नुसती बसली म्हणजे आजारीच असणार!

तर असे वर्षभरात बारा अल्बम ऐकून झाले. त्यातले पहिले पाच सांगते, शेवटून सुरुवात करून.

पाचवा क्रमांक : गारवा

मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, सौमित्र यांच्या कविता. १९९८ साली हा अल्बम आला आणि पावसाळा म्हटलं की गारवा, असं समीकरणच झालं. सौमित्र म्हणजे अभिनेते किशोर कदम. गाण्यांच्या अधेमधे ते स्वतः कविता बोलतात, तो प्रकार तेव्हा फार नवा वाटला होता. मी तो मुद्दाम मे महिन्यात लावला. बाहेर पंचेचाळीस अंश, घरात कूलरची घरघर. आवाज वाढवावा तर शेजारी ओरडतात, कूलर बंद करावा तर आपलं भरीत होतं! जूनच्या अखेरीस पहिली सर आल्यावर पुन्हा ऐकला, तेव्हा कुठे पटला. मग पाचवा का? तर यातला पाऊस कॉलेजातल्या मुलीचा आहे. माझ्या पावसात गच्चीवरच्या कुरडया असतात आणि न वाळलेले कपडे असतात. तरी वर्षातून एकदा त्या मुलीला भेटून यायला बरं वाटतं.

चौथा क्रमांक : आयुष्यावर बोलू काही

संदीप खरे यांचे शब्द आणि सलील कुलकर्णी यांचं संगीत. २००३ पासून या दोघांच्या कार्यक्रमाने मराठी घराघरात कविता पोचवली. आपण बोलतो तसंच हे लिहितात, अवघड शब्द नाहीत, म्हणून कविता म्हटली की पळणारी माझी धाकटी बहीणसुद्धा हे ऐकते. याच जोडीचं, दमून घरी येणाऱ्या आणि लेकीला वेळ देऊ न शकणाऱ्या बाबाचं एक गाणं आहे. ते ऐकताना आमच्या घरचे बाबा रुमाल शोधत होते. मलाही भरून आलं, नाही म्हणत नाही. पण मनात एक विचार आलाच. दमलेल्या आईचं गाणं कुठे आहे? ती दमत नाही, की ती दमली हे कुणाच्या लक्षात येत नाही? या एका प्रश्नामुळे माझ्या यादीत हे दोघे एक पायरी खाली आले. त्यांनी राग मानू नये!

तिसरा क्रमांक : मी वसंतराव

हा २०२२ साली आलेला सिनेमा, पण मी फक्त त्याची गाणी ऐकली. संगीत राहुल देशपांडे यांचं, आणि आजोबांची भूमिकाही त्यांनीच केली आहे. या सिनेमातल्या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडित वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. वाढले मात्र आपल्या नागपुरात, आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले तेही इथेच. त्यांना वाढवलं कुणी? त्यांच्या आईने. नवऱ्याचं घर सोडून, लेकराला घेऊन ती बाई नागपुरात राहिली, आणि एकटीने मुलाचं सगळं केलं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! पुढे वसंतरावांनी कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि नोकरी सांभाळून गाणं जपलं. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आलं, त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने ते साऱ्या महाराष्ट्राचे झाले. ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही आपल्या नागपूरचेच. हा अल्बम ऐकताना तानांपेक्षा मला ती आईच जास्त ऐकू आली. आपल्या लेकराला काय आवडतं हे ओळखून ती त्याच्या मागे उभी राहिली नसती, तर आपण कुणाचं गाणं ऐकलं असतं?

दुसरा क्रमांक : बहिणाबाईंची गाणी

चौथ्या क्रमांकाला मी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर इथे मिळालं. दमलेल्या आईचं गाणं आहे की! ते तिने स्वतःच रचलं. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं. शेतात राबताना, जात्यावर दळताना ओव्या रचल्या आणि तिथल्या तिथे म्हटल्या. मुलाने, सोपानदेवांनी, त्यातल्या काही उतरून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २०१८ पासून.

यशवंत देव यांनी या कवितांना चाली दिल्या आणि उत्तरा केळकर यांनी त्या गायल्या. चाली साध्या, शब्द झाकणाऱ्या नाहीत. बोली खानदेशातली, पण आपल्या वऱ्हाडी कानाला परकी वाटत नाही, आजीच बोलते आहे असं वाटतं. गंमत म्हणजे हा अल्बम ऐकताना माझा दुसरा नियम मला पाळवेना. हात आपोआप तांदूळ निवडायला लागले. ही गाणी कामातूनच जन्मली आहेत, म्हणून त्यांना हाताची सवय असावी.

पहिला क्रमांक : ऋतू हिरवा

आशा भोसले यांचा आवाज आणि श्रीधर फडके यांचं संगीत. कॅसेटच्या काळातला हा अल्बम. शीर्षकगीत शांता शेळके यांचं. पुण्यातून, मुंबईतून कितीतरी नामवंत याला मराठी भावगीतांतलं रत्न म्हणतात, पण माझं कारण वेगळं आहे. यात आपल्या सुरेश भटांची एक गझल आहे, सोसलेल्या दुःखाविषयीची. ती सुरू झाली की घरातला पंखासुद्धा हळू फिरतो आहे असं मला वाटतं. आशाबाईंनी त्यात कुठेही हुंदका घेतलेला नाही. जे झालं ते झालं, आता मी सांगते, अशा सुरात त्या गातात. स्वतःचा संसार मोडलेला, लहान मुलं पदरात, आणि तरी स्टुडिओत उभं राहून एकामागून एक गाणी गायलेली ही बाई. तिला हुंदक्याची गरज काय?

सुरेश भट १९३२ साली अमरावतीला जन्मले आणि २००३ मध्ये नागपुरात गेले. रेशीमबागेतलं मोठं सभागृह २०१७ पासून त्यांच्या नावाने उभं आहे. लहानपणी पोलिओने त्यांचा पाय अधू झाला होता. त्यांच्या आईला कवितेची फार आवड, आणि तिच्यामुळेच मुलाला ती गोडी लागली. बघा, इथेही आईच! मराठी गझल म्हटलं की ज्यांचं नाव पहिलं येतं, त्यांच्या मुळाशी अमरावतीच्या एका गृहिणीची आवड आहे. तेव्हा "आपल्या आवडीचं काय एवढं?" असं म्हणणाऱ्या बायकांना मी हे आता ठणकावून सांगते.

आणि असं म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत, बरं का! आमच्या भिशीत मी सगळ्यांना विचारलं, तुमचा पहिला नंबर कोणाचा? बाराजणींपैकी आठजणी म्हणाल्या, "माझं तसं काही नाही, सगळंच चालतं." एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे ह्यांना मुकेश आवडतो." अहो काकू, तुम्हाला? त्या हसल्या आणि चिवड्याची ताटली पुढे सरकवली.

उलट आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताईंना विचारलं, तर एका क्षणात उत्तर आलं. "वामनदादा." वामनदादा कर्डक, १९२२ ते २००४, गावोगाव फिरून बाबासाहेबांची गाणी म्हणणारे लोककवी. १९५६ साली जिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी गर्दीत उभं राहून ताई गाणी विकत घेतात. आधी कॅसेट घ्यायच्या, मग सीडी, आता पेन ड्राइव्ह. पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा, सगळं पाठ. "आवडते ते आवडते जी, त्यात विचार काय करायचा?" असं म्हणून त्या पुढची पोळी लाटायला लागल्या. आमच्या भिशीने त्यांची शिकवणी लावायला हवी!

सगळ्यात शेवटी सासूबाईंना विचारलं. वय ऐंशीच्या पुढे. घरात रोज सकाळी त्यांचे अभंग लागतात, त्यामुळे मी उत्तर लिहूनच टाकलं होतं, भीमसेन जोशी. त्या म्हणाल्या, "दार लाव आधी." दार लावलं. मग हळूच म्हणाल्या, "सुलोचना चव्हाण."

लावणी! मी बघतच राहिले. मग कळलं की लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा लावणी लावायची सोय नव्हती. मामंजींना ते खपत नसे. पण शेजारच्या घरात रेडिओ होता आणि मधली भिंत पातळ होती. दुपारी भांडी घासायच्या निमित्ताने त्या त्या भिंतीपाशी बसायच्या. "आणि ती बाई तर डोईवरून पदर घेऊन गायची," त्या मला समजावत होत्या, जणू मामंजींनाच उत्तर देत होत्या. सुलोचनाबाईंना आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. सासूबाईंनी मात्र साठ वर्षं आपला पहिला नंबर कुणाला सांगितला नव्हता. कारण कुणी विचारलाच नव्हता.

आता आमच्याकडे शुक्रवारी दुपारी तीनला लावणी लागते, दार उघडं ठेवून. अभंगही आहेतच, सकाळी. एकामुळे दुसरं कमी होत नाही.

माझ्या पाचांशी तुम्ही सहमत व्हावं असं मुळीच नाही. ऋतू हिरवा तुमच्याकडे शेवटी असेल, सैराट पहिला असेल, आणि कुणाच्या यादीत गीतरामायणाशिवाय दुसरं काहीच नसेल. छान आहे! फक्त "सगळंच चालतं" हे उत्तर नको. या आठवड्यात वाणसामानाच्या यादीमागच्या कोऱ्या बाजूवर एक ते पाच आकडे घाला आणि समोर नावं लिहा. ती झाली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसा आणि तिचा पहिला नंबर विचारा. गरज पडली तर आधी दार लावून घ्या.