जाणून घ्या : अंगावर धावतो, पळून जातो म्हणून बांधून ठेवायचं? कायदा काय म्हणतो, पर्याय कोणते?

मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपूर-गडचिरोलीतली घरं पहाटेच रिकामी होतात. बौद्धिक दिव्यांग मुलगा जंगलाकडे गेला तर? वाघाची भीती खरी असते. मग दोरी हाच उपाय वाटतो.

कायदा काय सांगतो?
मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे (कलम ९५). रुग्णालयातही तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच रुग्णाला जखडता येतं. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी म्हणून नाही (कलम ९७). बौद्धिक दिव्यांगांसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांनाही, देऊ शकतं.

बांधण्यात धोका काय?
तमिळनाडूतील एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडामुळे रुग्णांना पळता आलं नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

मग करायचं काय?
- आठवडाभर वहीत लिहा : राग कधी आला, आधी काय घडलं, नंतर काय मिळालं.
- दातदुखी, भूक, गोंगाट अशी कारणं शोधा.
- बोलता येत नसेल तर पाणी, शौच, ‘नको’ यांची चित्रं द्या.
- दिनक्रम ठरलेला ठेवा. दाराला घंटा लावा.

पण घंटा ऐकायला घरात माणूस हवा. हंगामात शेजाऱ्यांनी पाळी लावली, तरच दोरी सुटेल.

मदतीसाठी : टेली-मानस, १४४१६.