क्लच जळतो तो गाडी सुटताना

ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला, म्हणजे घोड्याला, नवा क्लच घ्यायचा म्हटले की दुकानात पहिला प्रश्न इंजिनच्या ताकदीचा निघतो. किती हॉर्सपॉवर, किती टॉर्क, मग त्याहून वरचढ, ‘हेवी ड्यूटी’ सेट द्या. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा असायला हवा. क्लच पूर्ण बसला की प्लेट, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र फिरतात, त्यांच्यात घासाघीस उरत नाही. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर बोरघाट चढत असताना गिअरबॉक्स, क्राऊन आणि टायर राबत असतात, धड असलेला क्लच मात्र नुसता धरून असतो. त्याची झीज होते ती थांबलेली गाडी हलवताना, त्या दोन-चार सेकंदांत. म्हणून क्लच निवडताना आधी पाहायचे ते हे की ही गाडी किती वजन घेऊन, कोणत्या गिअरमध्ये, कुठल्या चढावर आणि दिवसातून किती वेळा सुटते.

हिशेब अवघड नाही. एकूण 40 टनांची गाडी, इंजिन 1000 फेऱ्यांवर, पहिला गिअर आणि क्राऊन मिळून 45 पट कपात, चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरू. क्लच पूर्ण लागतो तेव्हा गाडी ताशी जेमतेम 4 किलोमीटरने चालत असते. सपाट रस्त्यावर इंजिनच्या फेऱ्या स्थिर ठेवल्या तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते, म्हणजे इथे सुमारे 27 किलोज्यूल. आता तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली आणि वेग दीडपट झाला, तर उष्णता दीडपट होत नाही. ती वेगाच्या वर्गाने वाढते आणि सव्वादोन पटीवर, 60 किलोज्यूलच्या पुढे जाते. इंजिन 1000 ऐवजी 1500 फेऱ्यांवर रेटून क्लच सोडला तरी तेच. डिझेल वाचावे म्हणून 5 ऐवजी 4 चा क्राऊन-पिनियन बसवला, तर प्रत्येक सुरुवातीची उष्णता दीडपटीहून जास्त होते. क्लच वर्षभरात का गेला याचे उत्तर कित्येकदा त्या क्राऊनमध्ये असते आणि दोष मात्र प्लेटला लागतो.

चढावर चित्र आणखी बिघडते. 5 टक्के चढावर 40 टन मागे ओढले जातात ते जवळपास 20 किलोन्यूटन बळाने. ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी धरली, तर पहिल्या गिअरमध्येसुद्धा दर सेकंदाला सुमारे 23 किलोज्यूल उष्णता तयार होते. सपाटीवरच्या एका अख्ख्या सुरुवातीला जे लागते, ते इथे एका सेकंदात जवळजवळ खर्ची पडते, आणि गाडी एक इंचही पुढे गेलेली नसते. घाटातल्या कोंडीत अशा 20 सुरुवाती लागोपाठ, प्रत्येकीत आधी तीन सेकंद हाफ क्लचवर गाडी धरून, झाल्या आणि उष्णतेला निघून जायला वाव मिळाला नाही, तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे मिळून 40 किलो बीड सुमारे 95 अंशांनी तापते. दुसऱ्या गिअरमध्ये हाच आकडा 160 च्या आसपास जातो. आणि हे झाले सगळ्या बिडाचे सरासरी तापमान. घासणाऱ्या पातळ थरात ते क्षणभर कितीतरी वर उसळते. ऑरगॅनिक फेसिंगची पकड साधारण 250-300 अंशांपुढे ढिली पडू लागते, ती इथेच.

म्हणून जास्त दाबाची प्रेशर प्लेट घेतली की प्रश्न मिटला, हे मला पटत नाही. दाब वाढवला की क्लच जास्त टॉर्क पेलतो हे खरे. इंजिनची ताकद वाढवून घेतली असेल आणि चालत्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये क्लच स्लिप मारत असेल, तर तोच उपाय आहे. पण सपाटीवर 40 टन हलवण्याची उष्णता दाबाने कमी होत नाही. पेडल जड होते, रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर भार वाढतो, आणि दिवसभर कोंडीत पेडल दाबून ड्रायव्हरचा पाय भरून येतो. त्यापेक्षा व्यास उपयोगी पडतो. 395 मिलिमीटरच्या जागी 430 चा क्लच बसत असेल तर घासणारे क्षेत्रफळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढते आणि उष्णता पसरायला बीडही जास्त मिळते. मात्र त्याला फ्लायव्हील आणि हाउसिंग त्याच मापाचे हवे. जुगाड करून बसवलेला मोठा सेट मला नको.

सिरॅमिक बटनांच्या प्लेटचे समर्थक म्हणतील, उष्णतेचाच प्रश्न असेल तर सरळ सिरॅमिक घ्या. त्यांचे म्हणणे वजनदार आहे. सिरॅमिक ऑरगॅनिकहून खूप जास्त तापमान सोसते, आणि खाणीत, कच्च्या चढावर, रोज शेकडो वेळा सुटणाऱ्या गाडीला मीही तेच सुचवेन. पण ती एकदम पकडते. रांगेत इंच-इंच सरकताना धक्के बसतात, ते टाळायला ड्रायव्हर रेस वाढवतो, आणि ती जास्तीची उष्णता फ्लायव्हीलच्या अंगावर जाते. ज्या घोड्याचा बहुतेक दिवस हायवेवर जातो आणि ज्याला धड पहिला गिअर आहे, त्याला त्याच इंजिनसाठी बनवलेल्या डँपर स्प्रिंगांची ऑरगॅनिक प्लेट पुरते. त्या स्प्रिंगांकडे कुणी बघत नाही, पण इंजिनची थरथर त्या गिळतात म्हणून गिअरबॉक्स टिकतो. जुन्याच हबवर नवे लायनिंग ठोकून मिळणारी स्वस्त प्लेट मी नाकारतो, कारण त्या थकलेल्या स्प्रिंगा तशाच परत येतात.

‘ड्रायव्हर नीट असेल तर कुठलाही क्लच चालतो’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. उरलेले अर्धे उतरवलेल्या क्लचवर वाचता येते. लायनिंग रिव्हेटपर्यंत सगळीकडे सारखे झिजले असेल तर क्लचने आयुष्य पूर्ण केले, तोच सेट पुन्हा घ्यावा. लायनिंग भरपूर शिल्लक, पण काचेसारखे चकचकीत, आणि फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर उष्णतेने मारले. इथे गिअर, क्राऊन आणि फेसिंग यांचा विचार हवा. प्लेट तेलकट असेल तर क्रँकचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सचे सील आधी बदलायचे, नाहीतर सर्वात महागडा सेटही तसाच भिजेल. डायाफ्रामची बोटे टोकाला खोल झिजली असतील तर पेडलला मोकळी चाल नाही, किंवा पाय कायम पेडलवर आहे. त्या पायाला ड्रायव्हर जबाबदार. बाकी तिन्हींबद्दल त्याला बोल लावण्याआधी गाडी तपासावी लागते.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी आणि गाडी उभी राहण्याचे नुकसान प्लेट बदलली तरी तेवढेच, पूर्ण सेट बदलला तरी तेवढेच. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकाच वेळी बदलावे. फ्लायव्हील लेथवर घेऊन निळे डाग निघेपर्यंत, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेतच घासून घ्यावे. भेगा खोल असतील तर ते बदलावे. नवे फेसिंग सुरुवातीला फक्त उंचवट्यांवर टेकते, पूर्ण पृष्ठभाग बसायला वेळ लागतो. एरवी गॅरेजमधून निघालेली गाडी थेट बंदराच्या रांगेत उभी राहते. तसे न करता तिला पहिले काही दिवस हलका माल आणि सपाट रस्ता द्यावा, बोरघाट किंवा कसारा घाटाची फेरी त्यानंतर लावावी.