लानगामार्खचा पाद्री आणि नोहाचे वंशज

मध्य वेल्समध्ये, आज लानुर्टिड वेल्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाशी एक झरा होता. त्याच्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास यायचा. लोक त्याला दुर्गंधी झराच म्हणत. १७३२ साली एक पाद्री त्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. त्वचेच्या एका चिवट विकाराने तो बेजार झाला होता. हे पाणी विषारी तर नसेल, अशा विचारात असताना म्हणे एक बेडूक उसळी मारून वर आला, चांगला टुणटुणीत. बेडूक इथे सुखाने नांदतो, मग माणसाने का भ्यावं? पाद्र्याने पाणी प्यायलं, पुढेही पीत राहिला, आणि बरा झाला.

वास गंधकाचा होता. जमिनीखाली, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे काही सूक्ष्म जीव पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू अत्यल्प प्रमाणात असला तरी आपलं नाक त्याला पकडतं. पाद्र्याच्या दुखण्याचं नाव स्कर्व्ही असं नोंदलं गेलं आहे. पण त्या काळी त्वचेच्या कितीतरी तक्रारी या एकाच नावाखाली जात. खरी स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होते आणि ती झऱ्याच्या पाण्याने हटत नाही. त्वचारोगांवर गंधक मात्र जुन्या काळापासून वापरात आहे. बेडकाची गोष्ट सांगण्यात रंगली असेलही, पण तिच्यातली विचाराची रीत मला फार मोलाची वाटते. गावभरच्या भीतीपेक्षा या माणसाने डोळ्यांसमोरचा पुरावा मोठा मानला.

हा पाद्री म्हणजे थिओफिलस इव्हान्स. वेल्श गद्याच्या इतिहासात त्याला वगळून पुढे जाता येत नाही. आणि नवल असं की जुन्या काळाबद्दल लिहिताना हाच माणूस पुराव्याकडे पाठ करून कथेच्या मागे गेला.

त्याचा जन्म १६९३चा, न्यूकासल एम्लिनजवळच्या पेन-इ-वेनाल्ट या घरात. पहिल्या चार्ल्स राजाची बाजू घेतल्याबद्दल आजोबांनी कार्डिगनचा तुरुंग भोगला होता. राजा आणि चर्च यांच्यावरची निष्ठा नातवाकडे घरातूनच आली. तो वाढला तो काळही विलक्षण. १६९५पर्यंत कायद्याने छापखाने लंडन आणि विद्यापीठांच्या गावांपुरते बांधलेले होते. तो कायदा संपला आणि वेल्सच्या सीमेलगतच्या श्रूजबरीत वेल्श पुस्तकं छापली जाऊ लागली. १७१८मध्ये आयझॅक कार्टरने वेल्सच्या भूमीवरचा पहिला अधिकृत छापखाना घातला तो अदपारला, म्हणजे इव्हान्सच्या घरापासून फार लांब नाही. शेतकऱ्याच्या हातात त्याच्या भाषेतलं छापील पुस्तक पडू लागलं, ते याच वर्षांत.

१७१६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पाद्र्याची दीक्षा घेण्याआधीच, इव्हान्सने ‘द्रिख अ प्रीव्ह ओइसोइद’, म्हणजे ‘आद्य युगांचा आरसा’, प्रसिद्ध केलं. दुसरा भाग आरंभीच्या ख्रिस्ती धर्माबद्दल आहे. लोकांनी मनात धरला तो पहिला भाग. बाबेलच्या मनोऱ्यापाशी भाषा फुटल्या, तिथपासून तो सुरुवात करतो. नोहाचा नातू गोमर हा वेल्श लोकांचा मूळपुरुष. मग रोमन, सॅक्सन, राजा आर्थर. सॅक्सनांनी ब्रिटन सरदारांना मेजवानीला बोलावलं, लांब सुरे लपवून आणले आणि खुणेसरशी कत्तल केली, हा प्रसंग तर त्याने डोळ्यांसमोर उभा केला. आपल्या बखरींसारखंच हे लेखन आहे: सनावळीत कच्चं, पण माणसांच्या तोंडी ठसठशीत संवाद, आणि वाक्यांना बोलण्याचा वेग. १७४०मध्ये त्याने ते वाढवून पुन्हा लिहिलं आणि त्यातले दृष्टान्त अधिक फुलवले. पुढची दीडशे वर्षं ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं. १८४७मध्ये सरकारी अहवालाने वेल्श भाषेला मागासलेपणाचं कारण ठरवलं, तेव्हा लोकांनी निळ्या वेष्टनातल्या त्या अहवालाला नाव दिलं ते त्याच सुऱ्यांच्या दग्याची आठवण करून देणारं. ज्यांच्यापाशी स्वतःचं राज्य नव्हतं, राजधानी नव्हती, त्यांना या पुस्तकाने एक सलग भूतकाळ दिला. तो बराचसा चुकीचा होता म्हणून पुस्तक बाजूला टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

गोमरची वंशावळ खोटी निघाली, पण वेल्शचं नातं खरंच फार दूर पोचतं. १७८६मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्याचं मांडलं, आणि केल्टिक भाषाही त्याच कुळातल्या असाव्यात असं सुचवलं. त्याचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे गणिती होते. वेल्शमध्ये दाताला ‘दान्त’ म्हणतात आणि नऊला ‘नाउ’. इव्हान्स बाबेलपर्यंत शोधत गेला. आपण मराठी बोलणारे त्याचे दूरचे भाषाबंधू निघालो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

१७४०मध्येच त्याने लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’कडे एक जुनं पत्र धाडलं. मॉर्गन जोन्स नावाच्या पाद्र्याने त्यात दावा केला होता की अमेरिकेतल्या आदिवासींनी आपल्याला पकडलं, पण आपली वेल्श प्रार्थना त्यांना समजली आणि जीव वाचला. मॅडॉक नावाच्या राजपुत्राने कोलंबसच्या आधी अमेरिका गाठली, या दंतकथेला त्या पत्राने बळ मिळालं. अर्ध्या शतकानंतर जॉन इव्हान्स हा वेल्श तरुण ते लोक शोधायला खरोखरच निघाला. मिसुरी नदीने वर जाऊन १७९६-९७चा हिवाळा त्याने मँडन लोकांमध्ये काढला आणि असे कोणी वेल्श आदिवासी नाहीत असं कळवलं. १७९९मध्ये, तिशी गाठायच्या आत, तो न्यू ऑर्लिन्सला वारला. पण त्या प्रवासातले नकाशे पुढे पश्चिम अमेरिका धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला उपयोगी पडले. खोट्या कथेपोटी खरा भूगोल हाती आला.

आता इव्हान्सच्या स्वतःच्या चर्चकडे वळू. १७३८पासून लानगामार्ख त्याच्याकडे होतं, शेजारचे लानुर्टिड आणि अबरग्वेसिनही. १७४०मध्ये तिथे त्याचा मदतनीस म्हणून विल्यम विल्यम्स पान्तिकेलिन आला. मेथडिस्ट या नव्या धर्मजागृतीच्या चळवळीने या तरुणाला झपाटलं होतं, आणि इव्हान्सला त्या भावनावेगाचा मनापासून तिटकारा. पान्तिकेलिनवर चर्चच्या न्यायालयात तक्रारी झाल्या, १७४३मध्ये त्याला पूर्ण दीक्षा नाकारण्यात आली. तो वेल्शमधला सर्वांत मोठा स्तोत्रकार झाला. त्याच्या एका स्तोत्राचं इंग्रजी रूप वेल्सच्या रग्बी सामन्यांत आजही हजारो कंठांतून उमटतं. गार्थच्या ज्या ग्विन घराण्याचा इव्हान्स खासगी पुरोहित होता, तेही घर मेथडिस्टांकडे वळलं. तिथल्या सॅरा ग्विनचं लग्न १७४९मध्ये मेथडिस्टांचा एक अग्रणी चार्ल्स वेस्ली याच्याशी झालं, तेही लानल्योनव्हेलच्या त्या चर्चमध्ये जिथे इव्हान्सने एकेकाळी सेवा केली होती. १७५२मध्ये इव्हान्सने अशा धर्मोन्मादाचा इतिहास लिहिला, इंग्रजीत. त्या पुस्तकातली कळकळ समजायला ही पार्श्वभूमी हवीच.

१७६३मध्ये त्याने लानगामार्खचं काम जावयाकडे, ह्यू जोन्सकडे, सोपवलं आणि १७६७मध्ये तो वारला. नातवाचं नावही थिओफिलस. हा थिओफिलस जोन्स लहानपणी आजोबांपाशी वाढला आणि त्यांची हस्तलिखितं त्याच्याकडे आली. तो वकील झाला, ब्रेकनच्या धर्मखात्याच्या दप्तरात उपनिबंधक होता, म्हणजे जुने कागद रोजच हाताखालून जात. शेवटी वकिली सोडून तो जिल्हाभर हिंडला, थडग्यांवरचे लेख वाचले, घराण्यांची दप्तरं चाळली. ‘ब्रेकनॉक परगण्याचा इतिहास’ १८०५ आणि १८०९मध्ये दोन खंडांत निघाला, आणि संशोधक आजही तो उघडतात. झऱ्याकाठी आजोबांनी केलं तेच नातवाने इतिहासात केलं: आधी पाहिलं, मग विश्वास ठेवला. मात्र हे सगळं त्याने इंग्रजीत लिहिलं. ज्या भाषेसाठी आजोबांनी बाबेलपासूनची वंशावळ उभी केली, तिच्यात त्या मातीचा कागदोपत्री इतिहास लिहायला त्याच घरातलं कोणी उरलं नव्हतं.