क्षयरोग्याचे ताट वेगळे का?

क्षयरोग्याचे ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेवावा का, हा प्रश्न मला अजूनही वरचेवर विचारला जातो. विचारणारा बहुधा रोग्याचा भाऊ किंवा सासरा असतो. रोगी घरातली सून असेल तर ती मागे बाकावर मान खाली घालून बसलेली असते. भांडी वेगळी झाली की पुढे अंथरूण वेगळे होते आणि मग तिची माहेरी रवानगी होते. औषधे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. या प्रश्नाचे उत्तर १९५९ सालीच मिळालेले आहे, तेही परदेशातल्या प्रयोगशाळेत नव्हे, तर आपल्याच मद्रास शहरातल्या गरीब वस्त्यांत. ते उत्तर कसे मिळाले हे आज सांगतो.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा उपचार म्हणजे सॅनेटोरियम. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव आठवत असेल. १९४४ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर झाला, पाठोपाठ 'पास' हे औषध आले आणि १९५२ साली आयसोनियाझिड. जंतू मारणारी औषधे हाती आली, पण ती द्यायची कुठे? आपल्याकडे खाटा मोजक्या आणि रोगी लाखोंनी. प्रत्येकाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. मग घरीच औषध दिले तर चालेल का? दाटीवाटीच्या खोलीत, अपुऱ्या जेवणावर रोगी बरा होईल का, आणि घरातल्या मुलाबाळांचे काय होईल?

या प्रश्नांसाठी १९५६ साली मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे त्यात होते. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख. त्यांनी १९३ रोगी निवडले आणि कोणाला घरी ठेवायचे व कोणाला सॅनेटोरियममध्ये पाठवायचे हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकूनच ठरवले. वाचकांना हे विचित्र वाटेल. पण डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले असते, तर जास्त आजारी माणसे सॅनेटोरियममध्ये गेली असती आणि तुलनेला काही अर्थ उरला नसता. चिठ्ठीला दयामाया नसते, म्हणूनच ती प्रामाणिक असते. औषधे दोन्हीकडे तीच, आयसोनियाझिड आणि पास, एक वर्ष.

सॅनेटोरियममधल्यांना जेवण चांगले होते, विश्रांती होती, परिचारिका होत्या. त्यांचे वजनही अधिक वाढले. वर्षअखेर त्यांच्यापैकी ९२ टक्के रोग्यांचा रोग आटोक्यात आला होता, म्हणजे बेडक्यात जंतू सापडेनासे झाले होते. घरी राहिलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. शे-सव्वाशेच्या आतल्या दोन गटांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. ज्यांना कामधंदा सुटत नव्हता आणि भात-सांबाराचीही वानवा होती, त्यांच्यात शंभरातले ८६ बरे होतात, हीच मोठी गोष्ट होती.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरच्या मंडळींचे काय झाले. पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. रोगी ज्यांच्या घरातच राहिला त्या कुटुंबांत आणि रोगी ज्यांच्यापासून दूर गेला त्या कुटुंबांत, क्षय होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. याचे कारण समजून घ्या. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि श्वासातून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. ताटवाटीतून ते जात नाहीत. खरा प्रसार होतो तो निदानापूर्वीच्या महिन्यांत, रोगी नुसता खोकत फिरत असतो तेव्हा. योग्य औषधे सुरू झाली की संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. म्हणजे ज्या दिवशी आपण ताट वेगळे करतो, त्या दिवसापासून रोगी कमी धोकादायक होऊ लागलेला असतो!

त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. घरी उपचार म्हणजे गोळ्या हातात देऊन मोकळे होणे नव्हते. कर्मचारी न कळवता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, औषध खरेच पोटात गेले का हे पाहण्यासाठी लघवी तपासत. बरे वाटले की माणूस औषध सोडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पण दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. उरलेले चिवट जंतू मग औषधाला दाद न देणारे होऊ शकतात.

दोष नेहमी रोग्याचाच असतो असेही नाही. १९६३ साली कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातली एक पाहणी प्रसिद्ध झाली. खेड्यातले लोक खोकला अंगावर काढतात, अशी आम्हा डॉक्टरांची लाडकी समजूत. प्रत्यक्षात बेडक्यात जंतू असलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. थुंकी तपासायचे कुणाला सुचले नव्हते. आजही असे घडते, हे मी व्यवसायबंधूंची क्षमा मागून लिहितो.

आता जेवणाविषयी. मद्रासच्या प्रयोगानंतर 'औषध असले की आहाराचे महत्त्व नाही' असा सोयीचा अर्थ पुष्कळांनी काढला. मला तो कधीच पटला नाही. औषधाने जंतू मरतात हे खरे, पण शेजारच्या धडधाकट माणसाला रोग होऊ नये यासाठी काय करायचे, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर झारखंडच्या चार जिल्ह्यांतल्या अभ्यासातून २०२३ साली आले. त्यातही मद्रासच्या त्याच संस्थेचा, आताच्या चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेचा, सहभाग होता. २,८०० रोग्यांना अन्नधान्य देण्यात आले. त्यांच्या घरातल्या १०,३४५ जणांपैकी एका गटालाही महिन्याला मोठ्या माणसामागे पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या; दुसऱ्या गटाला नाही. ज्यांना धान्य मिळाले त्यांच्यात नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयात तर ही घट ४८ टक्के होती. लस नव्हे, महागडे इंजेक्शन नव्हे, डाळ-तांदूळ! रोग्यांतही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोनच किलो.

तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. बेडका सकाळचा, खोल खोकून काढलेला असावा. नुसती लाळ दिल्यास जंतू असूनही सापडत नाहीत. रोग्याने खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरातल्या सर्वांनी, विशेषतः लहान मुलांनी, तपासून घ्यावे. रोग नसल्यास प्रतिबंधक औषध मिळते. शासनाकडून आहारासाठी रोग्याच्या खात्यावर २०१८ पासून महिना ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. त्यासाठी आधार व बँकेचे पासबुक पहिल्याच भेटीत बरोबर न्यावे. आणि औषधे सुरू करण्याच्या दिवशी रोग्याचे वजन कार्डावर लिहून घ्यावे, म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा काट्यावर उभे राहिल्यावर किती वाढले ते कळेल.