पुण्यांतील १८९७ चा प्लेग व लोकमत

साथीच्या काळीं राज्यकर्त्यांविषयीं लोकमत कसें बनतें, हें पाहण्यास पुण्यांतील १८९७ चा प्लेग हें चांगलें उदाहरण होय. त्या वर्षीं साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांनीं घरांच्या झडतीस गोरे शिपाई लाविले. लोकांचा रोष सर्वच उपायांवर होता, हा समज मात्र बरोबर नाहीं. लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’ंतून झडतीच्या जुलमावर कडक टीका केली. पण हिंदूंसाठीं प्लेगचें रुग्णालय काढण्यांतही त्यांचाच पुढाकार होता. सुशिक्षितांचा आक्षेप मुख्यतः देवघरांत व माजघरांत शिरणाऱ्या जबरदस्तीस होता.

२२ जून रोजीं रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. ३ जुलै रोजीं ते मृत्यु पावले. त्याच वर्षीं गोपाळराव गोखल्यांना, विलायतेंत केलेले शिपायांविरुद्धचे आरोप पुराव्याअभावीं जाहीर माफी मागून परत घ्यावे लागले. परंतु पुरावा हातीं नसणें म्हणजे घटना न घडणें नव्हे.

सरकारी अहवाल आणि वृत्तपत्रें हे या वादांतले पक्षकारच होत. सामान्य घराची साक्ष मिळाली तर ती त्या वर्षींच्या खासगी पत्रांत व जमाखर्चाच्या वह्यांतच मिळेल. संग्राहकांनीं असे कागद ‘अर्वाचीन’ म्हणून रद्दींत जाऊं देऊं नयेत.