कलम बेचाळीस आणि खानदेशातील कंपाउंडर

दवाखान्याच्या खिडकीआड उभे राहून कागदाची दातेरी पट्टी कातरणारा, ती मिक्श्चरच्या बाटलीला डकविणारा आणि ‘दिवसातून तीनदा एकेक खूण’ एवढे बजावून पुढच्या रोग्याकडे वळणारा कंपाउंडर जळगाव-धुळ्याकडील जुन्या मंडळींना डॉक्टरांइतकाच स्पष्ट आठवतो. या माणसाविषयी मला फार वर्षांपासून कुतूहल आहे. वैद्य, हकीम, सुईण आणि डॉक्टर यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्याच्या हातून औषध प्रत्यक्ष रोग्याच्या ओंजळीत पडले, त्याची दखल इतिहासाने क्वचितच घेतली. कायद्याने मात्र ती घेतली, आणि ज्या रीतीने घेतली ती हकिगत आजच्या ‘मेडिकल’च्या काउंटरपर्यंत येऊन पोहोचते.

तिचा आरंभ क्विनिनपासून होतो. तापीचे खोरे आणि सातपुड्याचा पायथा हा हिवतापाचा मुलूख. तेथे क्विनिन म्हणजे जीवदान. तेच क्विनिन भेसळ करून विकले जात असल्याची ओरड देशभर वाढली, तेव्हा पुण्याचे सर हारून जाफर यांनी ९ मार्च १९२७ रोजी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये भेसळयुक्त औषधांवर नियंत्रण आणण्याविषयी ठराव मांडला. सरकारने ऑगस्ट १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या सभासदांत मुंबईचे एक जेझुइट पाद्री होते, फादर कायस, ज्यांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर यांच्या सहकार्याने त्यांनी सर्पदंशावरच्या म्हणून लोकांत प्रसिद्ध असलेल्या शेकडो वनस्पती एकामागून एक तपासल्या आणि त्यांपैकी एकही विषावर गुणकारी नसल्याचा निष्कर्ष निर्भीडपणे प्रसिद्ध केला. परंपरेचा मान राखूनही तिची परीक्षा घेता येते, हे ज्या थोड्या लोकांनी कृतीने दाखविले त्यांत मी या जोडीची गणना करतो. अशा माणसाच्या सहवासात लिहिलेल्या चोप्रा समितीच्या १९३१ च्या अहवालाने भेसळीबरोबरच दुसऱ्या एका उणिवेवर बोट ठेवले: या देशात औषधनिर्मितीचा शिक्षित असा स्वतंत्र व्यवसायच नाही, आणि ती पोकळी कंपाउंडर नावाचा वर्ग कसाबसा भरून काढीत आहे.

पुढचा काळ झपाट्याने ओलांडू. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्मितीचे शिक्षण सुरू केले, १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. या शेवटच्या कायद्याची प्रत वाचताना मी दोन कलमांपाशी पुनःपुन्हा थांबतो.

पहिले, कलम एकतीस. नोंदणीच्या पहिल्या वहीत कोणाला प्रवेश द्यावा हे सांगताना या कलमाने पदवीधरांच्या जोडीला, दवाखान्यात वा रुग्णालयात किमान पाच वर्षे औषधे सिद्ध करण्याचे काम केलेल्या अनुभवी माणसालाही जागा दिली. पूर्व आणि पश्चिम खानदेशातील ज्या कंपाउंडरांनी शाळा फार पाहिली नव्हती, परंतु प्लेगच्या आणि हिवतापाच्या साथीत रात्रंदिवस बाटल्या भरल्या होत्या, त्यांच्यासारख्यांना या कलमाने सनद देऊ केली. कित्येकांना ही सवलत अयोग्य वाटते. मला ती न्याय्य वाटते, कारण त्या माणसांना दूर सारले असते तर खेड्यापाड्यांतील रोग्यांना औषध देण्यास कोणी उरलेच नसते.

दुसरे, कलम बेचाळीस. डॉक्टरने स्वतःच्या रोग्याला औषध देणे हा अपवाद सोडल्यास, डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध सिद्ध करण्याचा वा देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे, असे ते सांगते. कायद्याचा प्राण तो हाच. परंतु हे कलम अमलात केव्हा यावे ते ठरविणे राज्य सरकारांच्या अधिसूचनेवर सोपविले गेले आणि मुदत लांबत राहिली. १९७६ च्या दुरुस्तीने, अधिसूचना निघो वा न निघो, एक अखेरची मुदत घातली. तीही पुढे वाढविण्यात आली, आणि ज्या राज्यांनी स्वतः पाऊल उचलले नव्हते तेथे हे कलम लागू होण्यास १ सप्टेंबर १९८४ उजाडले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षी केलेल्या कायद्याचे मुख्य कलम सर्वत्र पोहोचण्यास छत्तीस वर्षे लागली. अनुभवी कंपाउंडरला सामावून घेणारी उदारता आणि शिक्षित माणसाची सक्ती पुढे ढकलणारी दिरंगाई या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत; पहिलीचे समर्थन दुसरीला लागू पडत नाही. माझे स्पष्ट मत असे की, फार्मासिस्टवाचून दुकान चालते ही समजूत समाजात रुजली ती याच छत्तीस वर्षांत.

मनुष्यबळ नाही, ही सबब आता खानदेशात तरी उरलेली नाही. शिरपूरची आर. सी. पटेल संस्था १९९२ पासून औषधनिर्माणशास्त्र शिकवीत आहे. चोपड्यापासून धुळ्यापर्यंत या विषयाची महाविद्यालये आहेत. तरीही प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्यावर नाव असलेला माणूस दुसऱ्याच गावी, हा प्रकार महाराष्ट्रात इतका परिचयाचा झाला की त्याला ‘सर्टिफिकेट भाड्याने देणे’ असे सरळ नावच पडले. २०११ नंतर अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी, विक्रीच्या वेळी फार्मासिस्ट दुकानात प्रत्यक्ष हजर पाहिजे आणि औषधाचे बिल दिलेच पाहिजे, असा आग्रह धरला. परवाने निलंबित होऊ लागले आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांशी मोठा संघर्ष पेटला. कारवाई जाचक आहे, क्षुल्लक त्रुटींसाठी दुकाने बंद पाडली जातात, ही व्यापाऱ्यांची तक्रार सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही. एकट्याच्या जिवावर सकाळपासून रात्रीपर्यंत दुकान उघडे ठेवणाऱ्या तालुक्याच्या गावच्या विक्रेत्याची अडचण खरी असते. परंतु मूळ मुद्द्यावर झगडे यांची बाजू निर्विवाद बरोबर होती. सर्वोच्च न्यायालयानेही बिहारमधील एका प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये, फार्मासिस्टवाचून वा तोतया फार्मासिस्टच्या हाती चालणारी दुकाने नागरिकांच्या आरोग्यास बाधक आहेत, असे बजावले.

हजर राहून त्याने करावयाचे काय, हा प्रश्न मला हजेरीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर खानदेशात खानदेशासारखेच द्यावे लागते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. औषधकोशाच्या परिभाषेत ‘थंड जागा’ म्हणजे ८ ते २५ अंश. अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. न उघडलेले इन्सुलिन आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन यांना २ ते ८ अंश लागतात. पत्र्याच्या छपराखालील दुकानात, वीज गेलेल्या दुपारी, या अंकांची राखण करणे हे शास्त्र जाणणाऱ्याचेच काम आहे. पुढे तेच इन्सुलिन ज्या घरी जावयाचे तेथे फ्रीज नसेल, तर कुपी ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवा आणि दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवाल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, हे सांगण्यास दोन मिनिटे लागतात. न सांगितल्यास महिन्याचे औषध वाया जाते आणि साखर का उतरत नाही याचा उलगडा डॉक्टरलाही होत नाही.

सांगावयाचे ते कोणत्या बोलीत, हेही तितकेच निर्णायक. धुळे-अमळनेरकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, शिरपूर-चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर पावरी. कपाशी वेचायला पहाटे भाकरी बांधून निघालेली आणि दिवसातून दोनदाच जेवणारी बाई ‘तीनदा, जेवणानंतर’ ही सूचना कशी पाळील? जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालवावयाची, पण तिच्या घरच्या तांब्यात पाणी मावते किती? सिकलसेलच्या रोग्याला, आणि भिल्ल व पावरा समाजांत हा आजार बराच आहे, हायड्रॉक्सियुरिया देताना रक्ततपासणी चुकवू नको हे त्याला समजेल अशा बोलीत कोणी सांगितले का? हे प्रश्न विचारणारा माणूस काउंटरमागे असणे, यालाच मी औषधसेवेची गुणवत्ता म्हणतो.

क्षयाच्या बाबतीत तर कायद्यानेच त्याच्याकडे पहारा सोपविला आहे. १ मार्च २०१४ पासून प्रथम ४६ औषधे, त्यांत क्षयावरची व प्रभावी प्रतिजैविके, ‘एच-वन’ अनुसूचीत आली. त्यांच्या विक्रीची डॉक्टरच्या व रोग्याच्या नावानिशी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते, आणि २०१८ पासून क्षयाचे औषध नेणाऱ्या रोग्याची वर्दी शासनाला देणे औषधविक्रेत्यांवरही बंधनकारक आहे. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून औषध सोडून देणारा रोगी प्रथम गैरहजर होतो तो दुकानातून. ती गैरहजेरी ध्यानात येण्यासाठी वही मनापासून लिहिलेली हवी आणि ती वाचणारा माणूस जागेवर हवा.

वाचकांना एक विनंती आहे. २०१५ च्या नियमावलीनुसार फार्मासिस्टच्या अंगावर स्वच्छ पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला असला पाहिजे, आणि रोग्याला औषधाविषयी समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. पुढच्या वेळी औषध घेताना तो बिल्ला पाहा, गोळी केव्हा, किती दिवस आणि कशाबरोबर घ्यावयाची ते विचारा, बिल मागून घ्या; आणि विचारूनही बिल्ल्याचा माणूस पुढे येत नसेल, तर जळगाव वा धुळे येथील अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत लेखी तक्रार रुजू करा.